पहारेकऱ्याला झोपेची गोळी

ज्ञानाचं रक्षण करणं हे सुसंस्कृत माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. या घरात ते कर्तव्य कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात बसलेली नखाएवढी हिरवी ढाल पार पाडत होती. बाकीच्या सुसंस्कृत माणसांना वेळ नव्हता.

कॉम्प्युटर वहिनीचा. वहिनी म्हणजे घरातली थोरली सून, आणि धंद्याने सूचीकार. कुठला शब्द कुठल्या पानावर आहे हे सांगणारी जी पानं जाड पुस्तकांच्या शेवटी असतात, ती वहिनी तयार करायची. सध्याचं पुस्तक होतं शहरांच्या गटारांचा इतिहास. चार महिने ती रोज सकाळी आंघोळ करून मैल्यात उतरत होती. ‘मैला’ या शब्दाखालच्या पोटनोंदीच दोन पानं भरतील एवढ्या झाल्या होत्या. तरीही त्या चार महिन्यांत तिला मळमळलं ते फक्त शनिवारी, आणि तेही पुस्तकामुळे नाही.

शनिवारी ती कामाला बसली तेव्हा माउस हाताला चिकटला. तिने वास घेऊन पाहिला आणि घ्यायला नको होता हे तिच्या लक्षात आलं. की-बोर्डच्या फटींत बिस्किटांचा भुगा होता. स्पेसबारखालून कापलेल्या नखाची एक पिवळट कोर डोकावत होती. म्हणजे दीर बसून गेला होता.

तेवढ्यात प्रकाशकाची मेल दिसली. ‘आपण पाठवलेल्या सूचीच्या फाइलमध्ये व्हायरस आहे. आमच्या मशीनने ती न उघडताच फेकून दिली. सोमवारपर्यंत स्वच्छ फाइल आली नाही, तर पुस्तक सूचीविना छापावं लागेल.’

तिने कोपऱ्यात पाहिलं. ढाल नव्हती. अँटीव्हायरस उघडायला गेली तर खिडकी उघडली आणि कुणीतरी तोंडावर दार आपटावं तशी मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तिच्या जागी पायाच्या अंगठ्याला झालेल्या बुरशीची जाहिरात आली. अंगठा पडद्याएवढा होता.

“भावजी!”

दीर बिस्किट चघळतच आला. त्याचा धंदा खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचा. घरात मात्र त्याला सगळे ‘एक्सपर्ट’ म्हणत. आधी थट्टेने म्हणत होते. त्याने ते मनावर घेतलं.

“इथली ढाल कुठे गेली?”

“ती? मीच बंद केली परवा. काय कटकट होती गं, वहिनी! सारखं आपलं धोका आहे, धोका आहे.”

“मग होता ना धोका.”

“धोका कुठे नसतो? मशीन फास्ट करायचा एक प्रोग्राम टाकला, फुकटातला. त्यातच लिहिलं होतं, आधी संरक्षण बंद करा.”

आयुष्यात एकाही यंत्राची माहितीपुस्तिका न उघडलेल्या माणसाने ही एकच सूचना शब्दशः पाळली होती.

“चोराने बेल वाजवून सांगितलं, आधी कुत्रा बांधून ठेवा, तर बांधाल?”

“चोर बेल वाजवतो होय? काहीतरीच तुझं.” त्याने तिच्या टेबलावरची पेन्सिल उचलून कानात फिरवली आणि जागच्या जागी ठेवली.

“जाऊ दे ना,” आतून नवरा म्हणाला, “त्याने चांगल्यासाठीच केलं.” नवरा नेहमी दोघांच्याही बाजूने असायचा. त्यामुळे तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

वहिनीने इंटरनेटची वायर उपटली, पेन्सिल कचऱ्यात टाकली, पेनड्राइव्ह घेतला आणि खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्याकडे सगळ्या पेशंटांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर, त्यामुळे हा ताप त्यांनी भोगलेला होता.

“याला तुमच्या घरातल्या अँटीव्हायरसने मारता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा आत शिरून आधी पहारेकऱ्यालाच झोपेची गोळी देतो. मग त्या पहारेकऱ्याला हाका मारून काय उपयोग? दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर तपासणीचा प्रोग्राम भरून घ्यायचा आणि तुमचं मशीन त्यावरूनच सुरू करायचं. म्हणजे व्हायरसच झोपलेला असताना सापडतो.”

वहिनीने पेनड्राइव्ह पुढे केला.

“हा? तुमच्या दिराच्या हातून आलेला? हा मी हातमोज्यांशिवाय धरणारसुद्धा नाही.” आणि त्यांनी कपाटातून नवा, वेष्टनातला काढला.

तपासणी दुपारभर चालली. दगड उलटावा आणि खालून किडे वळवळत बाहेर पडावेत तशी एकेक फाइल पडद्यावर येत होती. मशीन फास्ट करणारा एक प्रोग्राम होता, त्याला फास्ट करणारा दुसरा होता, आणि दोघांची पिल्लं होती. दीर मागे उभा राहून कौतुकाने बघत होता. “बघ, माझ्यामुळे कळलं तरी केवढी घाण होती!” त्याच्या तोंडातला भुगा तिच्या खांद्यावर पडला.

तिने मशीन धुवून काढलं, अँटीव्हायरस नव्याने टाकला आणि पासवर्डाशिवाय तो बंदच होणार नाही अशी सोय केली. दिराला वेगळं खातं काढून दिलं. त्यात बघता सगळं येत होतं, टाकता काही येत नव्हतं. मग कापूस आणि स्पिरिट घेऊन तिने एकेक बटण पुसलं. कापूस काळा झाला.

“सख्ख्या घरात परका केलंस मला,” दीर म्हणाला, आणि रात्री जेवला नाही. म्हणजे पानावर बसून जेवला नाही. ओट्याशी उभा राहून जेवला.

पासवर्ड तिने अडीअडचणीला असावा म्हणून नवऱ्याला तेवढा सांगितला.

रविवारी सूची गेली. सोमवारी सकाळी उत्तर आलं: ‘फाइल मिळाली. स्वच्छ आहे. पुढचं पुस्तक सोबत पाठवत आहोत, आतड्यांतल्या जंतांविषयी आहे.’ ते वाचताना तिचा हात माउसला चिकटला. तिने हळूच उजव्या कोपऱ्यात पाहिलं. ढाल नव्हती.

“अहो, पासवर्ड कुणाला दिलात?”

“तोंड पाडून बसला होता गं परवापासून,” नवरा फुर्र करून चहा ओढत म्हणाला. “भाऊ आहे शेवटी.”

मशीन मात्र खरंच लवकर सुरू झालं होतं.