चांगुणाची जट

"हात लावू नका, बानूबाई. देवीची जट हाय ती."

दगडाबाईंनी माझं मनगट धरलं. माझी दहा वर्षांची भाची चांगुणा पाटावर बसली होती. कपाळभर हळदकुंकू, आणि मानेवर केसांची एक जाड, टणक गाठ.

देवी कसली डोंबलाची! गुंता होता तो. मला नाही कळायचं तर कुणाला? माझे केस असेच कुरळे, आमच्या आईचेही असेच. असले केस कोरडे विंचरायचेच नसतात. ओले करून तेल चोपडायचं आणि टोकाकडून सोडवत वर जायचं. दगडाबाईंचे स्वतःचे केस सरळ. त्या कोरड्या केसांत वरूनच फणी घालून खसकन ओढायच्या. पोरगी ओरडली की पाठीत धपाटा. नाचता येईना, अंगण वाकडं.

माझी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हापासून चांगुणाला सांभाळणाऱ्या या दगडाबाईच, तिची आत्या. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी दौंडहून मांडवगणला यायची, पोरीला न्हाऊ घालून वेणी घालायची. मग चौऱ्याहत्तरचा रेल्वेचा संप झाला. माझे मालक लोकोशेडमध्ये इंजिनं पुसणारे खलाशी, त्यांना पकडून नेलं. कधी तुरुंग, कधी साहेबांचे बंगले, माझ्या नुसत्या खेपा चालल्या. चार महिने इकडं फिरकले नाही, आणि दगडाबाईंनी फणीच टाकून दिली.

"दाजी, मला तीन दिस द्या," मी मेहुण्यांना, खंडूंना म्हणाले. "समदा गुंता सोडवते. पोरीची जात. देवाला सोडली तर उद्या तिला कोण करून घेईल?"

खंडूंनी दगडाबाईंकडं बघितलं.

"आन् शाळा?" मी विचारलं.

"बंद केली," दगडाबाईच बोलल्या. "देवीचं माणूस शाळंत कसं बसवायचं? मंगळवारी वटी भरायला बाया येत्यात."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी चांगुणाजवळ सरकले.

"चल, नदीवर जाऊ. अजाबात दुखू देणार न्हाई."

"नगं, मावशी."

"का गं?"

"आता आत्या मारत न्हाई." ती अगदी हळू बोलली. "पयलं ताट मला वाढती. बा बी माज्या पाया पडतो. तू गुंता सोडवशील आन् जाशील दौंडला. मग?"

चल माझ्याबरोबर, असं म्हणायला हवं होतं. पण मालक सुटून आले होते ते नोकरी घालवून, आणि माझीच तीन पोरं अर्धपोटी निजत होती. शब्द तोंडापर्यंत आले आणि मी मेलीनं ते गिळले.

दगडाबाई चहा घेऊन आल्या, पण कप त्यांनी हातातच ठेवला.

"आधी देवीच्या पाया पडा. दारात आलेलं माणूस तसंच जात न्हाई."

या पोरीचा शेंबूड मी पुसला होता. मी निघायला उठले, तशी चांगुणानं माझा पदर धरला.

"पड गं मावशी," ती पुटपुटली. "न्हाईतर आत्या तुला परत येऊ द्यायची न्हाई."

मी डोक्यावर पदर घेतला आणि वाकले. तिनं पाय मागं घेतले नाहीत. नुसते डोळे मिटून घेतले.