गोदीची शिंक

शिंकली गोदी आणि जळली धोंडीबाई.

दोघी जावा खळ्यावर भात पाखडत होत्या. गोदीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "पाखडाया डोळं कशाला? हात हायेत." कोंडा नाकात गेला. अशी शिंकली, की सूपच उडालं.

"बाय गो! लाल लुगडं नेसलीस?"

धोंडीबाईचा हात थांबला. लुगडं लालच होतं.

"आन त्यो सिद्धगड ना? धुरकट दिसतो, पन दिसतो!"

संध्याकाळी गोदीपुढं नारळांची रास. जो तो म्हणे, देवीनं डोळ्यावरचा पडदा वढला.

आणि धोंडीबाई? गेल्या साली शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. डोक्यावरून पाणी नाय, वाकायचं नाय, काळा चष्मा. नारळ? एक नाय. उलट शेजारची रंजना म्हणाली होती, "मावशे, शिनेमातली दिसतीस!"

चुलीशी बसून धोंडीबाई पुटपुटली, "फुटो त्यो डोळा."

एवढंच.

थोड्याच दिवसांत गोदीचा तो दिसू लागलेला डोळा लालभडक झाला. कपाळ फुटायची वेळ, वर ओकाऱ्या.

"पित्त असंल," रंजना म्हणाली.

"दृष्ट लागली गो, बाय. उतर," गोदी कण्हली.

धोंडीबाईनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या. ठसका नाय. कुणालाच नाय. म्हणजे दृष्ट होती. आणि कुणाची, ते घरात एकटीला ठाऊक.

आपणच लावलेली आपल्याच हातानं कशी उतरणार? तिनं गोदीला जीपमध्ये घातलं आणि शहापूरच्या डॉक्टरापुढं बसवलं.

"कुनाची लागली, डॉक्टर?" धोंडीबाईनं विचारलं.

"कुणाची नाही, आजी. मोतीबिंदू फार पिकला होता. शिंकेनं सुटून डोळ्यात मागं पडला, म्हणून दिसायला लागलं. आता आत त्रास देतोय, डोळ्याचा दाब चढलाय. आजच ठाण्याला न्या, नाहीतर डोळा जाईल. दुसराही पिकलाय, तो वेळेवर काढा. असं हजारात एखाद्याला होतं."

धोंडीबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग शेवटचं वाक्य टोचलं.

डोळा वाचला. गोदी पट्टी बांधून ओटीवर बसली, आणि पुन्हा माणसं जमली.

"हजारात येकीला व्हतं म्हने!" गोदी सांगू लागली.

"वर बघ," म्हणत धोंडीबाईनं पट्टी सारून औषधाचा थेंब नेमका सोडला. "आन जरा गप ऱ्हा."

मग ती खळ्यावर गेली. गोदीच्या वाटणीचं भातही आता तिलाच पाखडायचं होतं. इकडंतिकडं बघितलं, मूठभर कोंडा नाकाशी धरला आणि जोरात ओढला.

शिंक आली.

साधीच.