साक्षीची तपासणी

अठ्ठावीस वर्षं मी रेल्वेत टीसी होतो. आता दौंडच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेनंतर मुलांना भाषण लिहायला शिकवतो, पण नजर काही बदललेली नाही. पोरगं वही पुढे करतं तेव्हा मी आधी त्याचं तोंड बघतो. 'साळवे सरांना देवदूत भेटला तरी ते त्याचं तिकीट मागतील,' असं मुलं माझ्या मागे म्हणतात, आणि ते काही फार चुकीचं नाही.

माझे नियम दोनच. बायबलचं वचन एकच घ्यायचं आणि तेही शेवटी. आधी त्या वचनाचं तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत काय झालं ते सांगायचं, वार आणि माणसाच्या नावासकट. प्रीती, क्षमा, विश्वास हे शब्द फुकट मिळतात, म्हणून मुलं ते मूठमूठ टाकतात. दुसरा नियम, खोटं लिहायचं नाही. चर्चमध्ये हे वेगळं सांगावं लागतं, कारण आमच्याकडे देवाने आपल्याला कसं बरं केलं याची साक्ष द्यायला लोक उभे राहिले की दुखणं दरवर्षी वाढत जातं. आमच्या चर्चच्या हौसरावांना मी स्वतः दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा ताप एकशे दोन होता. परवाच्या साक्षीत डॉक्टरांनी हात टेकले होते. मी पहिल्या बाकावर बसून 'आमेन' म्हणालो, काय करणार!

गेल्या वर्षी मात्र माझी पुरती शोभा झाली. शिरूरला चर्चच्या मुलांची वक्तृत्व स्पर्धा असते. तिथे आमच्या पृथ्वीराजने 'प्रार्थनेने माझ्या वडिलांची दारू सुटली' असं सांगून सगळ्यांना रडवलं, आणि तेच वडील चर्चच्या फाटकाबाहेर झिंगून पडलेले सापडले. तेव्हापासून शिरूरवाल्यांनी नियम केला की प्रत्येक भाषणाखाली शिकवणाऱ्याने 'मजकूर खरा आहे' असं लिहून सही करायची. सही नसेल तर नाव बाद. हा नियम सगळ्यांना असला तरी तो कुणासाठी केला ते मला कळतं.

यंदाचा विषय होता क्षमा. सहा मुलांनी तीच ती वाक्यं आणली होती. मग अंकिताने वाचायला सुरुवात केली. अंकिता नववीत, यवतला राहते, दर रविवारी एकटी गाडीने येते. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील, पोपट, दिवेलागणीला मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून जागीच गेले. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. ट्रॅक्टर खुटबावच्या सुदर्शनचा होता. तो चार महिने आत राहिला, आता रांजणगावला कंपनीत कामाला जातो. त्याची म्हातारी आई, कस्तुराबाई, अंकिताच्याच शाळेच्या फाटकापाशी मेथी-कोथिंबीर विकत बसते.

अंकिताने वाचलं, "माझे वडील मंगळवारी गेले. म्हणून दर मंगळवारी माझी आई माझ्याबरोबर एक जास्तीचा डबा देते. तो मी कस्तुराबाईंना देते. मी कोण ते त्यांना माहीत नाही. माझ्या आईने त्यांना आणि त्यांच्या मुलाला माफ केलं आहे."

मलाही ते भिडलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच मनात आलं, हे फार चांगलं आहे. इतकं चांगलं भाषण मला आजवर कुणी आणून दिलेलं नव्हतं.

"डब्यात काय असतं?" मी विचारलं.

"बाजरीची भाकरी, सर. कधी मटकी, कधी बटाटा."

"किती भाकऱ्या?"

"दोन."

"आणि तुझ्या डब्यात?"

ती थांबली. विनातिकीट माणूस खिसे चाचपायला लागतो ना, तेवढीच थांबली. "दोनच," ती म्हणाली.

"आई किती वाजता उठते दोन डब्यांसाठी?"

"सर, मला गाडी गाठायचीय," म्हणत तिने वही दप्तरात टाकली.

त्या सबंध दिवसात मला दुसरं काही सुचलं नाही. तिची आई, सिंधूबाई, दोन वर्षांत चर्चला आलेली नव्हती. पाळकसाहेब सांत्वनाला गेले असताना 'त्याला माफ करा, ताई' असं बोलून गेले, तेव्हापासून तिने येणंच सोडलं होतं. अशी बाई डबा पाठवेल? पोरीने रचलेलं असेल तर मी सही करणार नव्हतो, मग भाषण कितीही चांगलं असो.

सोमवारी दुपारी, अंकिता शाळेत असणार हे बघून, मी यवतला गेलो. सिंधूबाई दारातच मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. मला बघून त्यांचा पहिला प्रश्न, "सर, पोरीनं काय केलं का?"

"काही नाही हो. बँकेत काम होतं, म्हटलं सहज डोकवावं."

त्यांना ते पटलेलं नव्हतं. दौंडात चार बँका सोडून हा माणूस यवतला कशाला आला, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून त्या पुन्हा मशीनवर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी इकडचं तिकडचं बोलून हळूच विषय काढला.

"मंगळवारी तुमची फार धावपळ होत असेल. दोन-दोन डबे म्हणजे."

"कसले दोन डबे?"

इथे थांबायला हवं होतं. मला हवं ते उत्तर मिळालं होतं, भाषण खोटं होतं. पण तिकीट नसलेला सापडला की पावती फाडल्याशिवाय माझा हात थांबत नाही. मी म्हणालो, "एक अंकिताचा आणि एक कस्तुराबाईंचा."

मशीन थांबलं. सिंधूबाईंचा चेहरा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरातून डबा एकच जात होता. मग म्हातारीला मिळत होता तो कुणाचा? लाजेने माझी मान वर होईना. पोरीने इतके दिवस आईपासून जपलेलं मी दोन मिनिटांत उघड्यावर आणून ठेवलं होतं.

"तिचा सोताचा देती व्हय त्या बाईला?" सिंधूबाई म्हणाल्या. "म्हणून मंगळवारी आल्या आल्या भाकरीच्या टोपल्याला हात घालती. मला वाटलं, वाढतं अंग हाय." मग आवाज चढला. "तिच्या पोरानं ट्रॉली अंधारात उभी केली, सर. मागं एक दिवा न्हाई. एक दगड तरी ठेवायचा का न्हाई? आन् माझ्या हातची भाकरी ती खाती?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुम्ही तिला रागावू नका."

त्या कापडाची कड नखाने दाबत बसल्या. मग विचारलं, "म्हातारीला ठाव हाय, ही कुणाची पोर ती?"

"नाही. आणि भाषणात तिने लिहिलंय की डबा आई पाठवते."

"माझं नाव घातलं?"

"हो. आईने माफ केलं, असंही लिहिलंय."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "उद्या मंगळवारच हाय," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं दोन भाकरी जास्त घालते. माफी-बिफी न्हाई हां, सर. माझी पोर उपाशी राहू नये म्हणून. आन् मला कळलंय हे तिला कळता कामा नये. तुम्ही इथं आलाच न्हाई."

"मग भाषणाचं काय करू?"

"आई डबा पाठवती म्हणू द्या. उद्यापास्नं पाठवतेच की. माफ केलं त्येवढं मात्र काढा. त्ये माझं मी बघीन, कवा व्हायचं तवा व्हईल."

पुढच्या रविवारी मी अंकिताच्या वहीतलं तेवढं एक वाक्य लाल पेनने खोडलं. खाली लिहिलं, 'मजकूर खरा आहे,' आणि सही केली. तिने वही हातात घेऊन खोडलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"सर, हेच का काढलं?"

"ते नसलं की भाषण जास्त चांगलं वाटतं."

ती जागची हलली नाही. बाकीची मुलं बाहेर गेली तरी उभीच. मग माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, "सर, तुम्ही आमच्या घरी गेला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

चर्चमध्ये, वेदीपासून दहा पावलांवर, मी पोरीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि शिरूरसाठी भाषण पाठ करायला मागच्या बाकावर जाऊन बसली.