कापलेली कड

विनिता प्रधानने साड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर लाकडी ठशांची नक्षी काढली. निवृत्तीनंतर ती वसईच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची आणि जुनी जपानी शृंगारचित्रं जमवायची. तीही ठशांचीच, जाणकार त्यांना शुंगा म्हणतात. नातेवाइकांना तिने ती कधी दाखवली नाहीत. त्यांना उघडी अंगं तेवढी दिसली असती. तिचा जीव मात्र जडला होता त्या अंगांवरून घसरणाऱ्या कापडांवर आणि एकमेकांत हरवलेल्या चेहऱ्यांवर.

कारखान्यातल्या शर्लिनची आई रोझलीन अर्नाळ्याला राहायची. तिच्याकडे असलं एक चित्र आहे असं कळल्यावर विनिता तिकडे गेली. सत्तरी ओलांडलेल्या रोझलीनने कपाटातल्या चादरीखालून ते काढलं आणि स्वतः न बघताच तिच्या हातात दिलं.

समुद्रातल्या खडकावर शिंपले काढणारी एक बाई. केस ओले, वस्त्र कमरेपर्यंत सुटलेलं. दोन्ही हात तिने कुणाच्या तरी गळ्यात टाकले होते. पण तो कुणी चित्रात नव्हता. तिच्या मनगटांपाशी कागद कात्रीने सरळ कापलेला होता.

“मावशी, याचा दुसरा तुकडा?”

“सेबॅस्टियनकडे.”

सेबॅस्टियन तिचा नवरा, मालवाहू बोटीवर कामाला. हे चित्र त्याने कोबे बंदरातून आणलं होतं. शर्लिन पोटात असताना निघाला तेव्हा त्याने ते कापलं. बाई रोझलीनपाशी ठेवली, पुरुष स्वतःच्या पाकिटात.

“म्हनला, परत आलो की जोडू. वादळात बोटीवरनं पान्यात गेला. बॉडी गावली नाय. फादर किती वेळा म्हनले, त्याच्या नावाने मेल्यावरची मिस्सा घालू. मी म्हटलं, मेला ते कोनी बघितलं?” रोझलीनने कपाटातली चादर सारखी केली. “पन ह्या चित्रातल्या बाईला वाट बघताना बघवत नाय आता. तू ने हिला, बाय.”

विनिताने चित्र घरी आणून इतर चित्रांबरोबर कपाटात ठेवलं. काही दिवसांनी बघते तर कापलेली कड ओली. डिसेंबरची कोरडी हवा, बाकी सगळी चित्रं खडखडीत. तिने टिपकागद लावला, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. कड पुन्हा ओली. तिने बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट!

मग दुपारी पडल्या पडल्या तिला वाटू लागलं, घरात कुणीतरी दाराकडे तोंड करून बसलंय. ती वळून बघायची, तर कुणी नसायचं. एक दिवस शेजारचे हरेशभाई जिन्यात भेटले.

“पाहुण्या आल्यात का तुमच्याकडे? काल उंबऱ्यात बसल्या होत्या, केस मोकळे सोडून. मी विचारलं, तर बोलल्याच नाहीत.”

आदल्या दिवशी विनिता बहिणीकडे गेली होती आणि घराला कुलूप होतं.

चित्र परत करावं असं तिला वाटलं, पण रोझलीनच्या घरात ते पुन्हा न्यायचं कोणत्या तोंडाने? मग तिला आपल्याच धंद्यातली गोष्ट आठवली. एका ठशातून एकच छाप थोडीच निघते? या चित्राच्याही आणखी प्रती कुठेतरी असणार, आणि त्यांत तो पुरुषही. ती शोधाला लागली आणि परदेशातल्या एका विक्रेत्याकडे अखंड प्रत सापडली.

पार्सल आलं तेव्हा तो पुरुष तिने पहिल्यांदा पाहिला. साधासा कोळी, डोळे मिटलेले, कपाळ त्या बाईच्या खांद्यावर टेकलेलं. त्याच्या पाठीवर तिचे हात घट्ट जुळले होते. विनिताने अखंड प्रत त्या अर्ध्या चित्राला लागून ठेवली आणि कपाट बंद केलं.

नाताळ उरकल्यावर तिने ते उघडलं. अर्ध्या चित्राची कड कोरडी होती. अखंड चित्रात बाई होती, खडक होता, लाटा होत्या. पुरुष नव्हता. त्याच्या जागी नुसता कोरा कागद, आणि त्या कोऱ्याभोवती आवळलेले दोन हात.

त्याच सकाळी ती दोन्ही चित्रं घेऊन अर्नाळ्याला गेली. रोझलीनने त्या कोऱ्या जागेवरून हळूहळू बोट फिरवलं. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे कुणीतरी हाकलत होतं.

“हिला न्यायला आला म्हनायचा,” ती शेवटी म्हणाली. “मेल्यांच्या तिकडनं आला, म्हंजे तिकडचाच झाला.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.

पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये सेबॅस्टियनच्या आत्म्यासाठी मिस्सेची प्रार्थना झाली. शवपेटी नव्हती, वेदीपुढे त्याचा तरुणपणीचा फोटो होता. काळ्या साडीतली रोझलीन पहिल्या बाकावर ताठ बसली होती. अर्धं चित्र तिने स्वतःकडे ठेवून घेतलं. विनिता शर्लिनशेजारी बसली, सगळे उठले की उठत होती.

मिस्सेनंतर घरी जेवणं झाली. रोझलीनने विनिताला आपल्या शेजारी बसवून घेतलं, तिच्या ताटात आग्रहाने कालवण वाढलं.

“बाय, तुझी वाट कोन बघतं?”

विनिताला पटकन एकही नाव आठवेना. ती भात कालवत राहिली, आणि रोझलीन उत्तरासाठी तिच्याकडे बघत राहिली.