नमद्याच्या सपातांचा पोलोनेझ

आमच्या लिपोव्का गावातल्या जमीनदारांच्या घराचं म्युझियम झालं, तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. आत जायचं तर बुटांवरून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड सपाता चढवाव्या लागतात, जुन्या लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून. दारापाशी त्यांची टोपलीच भरलेली असते आणि सगळ्या एकाच मापाच्या, हत्तीच्या. मोठ्या माणसांना पाय घासत चालताना बघणं ही आम्हा गावातल्या मुलांची फुकटातली करमणूक.

गेल्या रविवारी मात्र माझी परीक्षा होती. म्युझियम सांभाळणाऱ्या लिओकादियाबाईंचे गुडघे आता कुरकुरतात. त्या म्हणाल्या होत्या, "बोग्ना, एक गट तू फिरव. जमलं तर दर रविवार तुझा. नाही जमलं तर कानाला लावायची यंत्रं मागवते. त्यातला रेकॉर्ड केलेला बाबा सांगेल माहिती."

त्या बाबाला मी हरवणारच होते. सहावीपर्यंत फळ्यापाशी उभं केलं की मी रडायचे. आणि याच जूनमध्ये आठवीच्या निरोपाला जोड्यांच्या रांगेने चालत पोलोनेझ हा पोलिश नाच नाचताना सगळ्या शाळेच्या पुढे, पहिल्या जोडीत मी होते. आता मला सगळं जमतं, अशी खात्री झाली होती.

जरा जास्तच झाली होती. सकाळी लवकर जाऊन मी कोणाला न विचारता दिवाणखान्याच्या जमिनीला मेण लावलं. लिओकादियाबाई फडक्याला बोटभर मेण घेतात, मी अर्धा डबा संपवला. जमीन चकाकायचं सोडून धुकं पडल्यासारखी पांढुरकी झाली. पुसत बसायला वेळ नव्हता, कारण दारात शेजारच्या गावच्या गृहिणी मंडळाच्या बारा बायका आणि त्यांचा सफरचंदाचा केक हजर झाला होता.

सगळ्यात पुढे झेनोबियाबाई. त्यांनी दिवाणखान्यात दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल पुढे आलं, सपात मागे राहिली.

"पोरी, ही जमीन आहे की मधाचं पोळं?"

बायका खो-खो हसल्या. लिओकादियाबाई तिकीट खिडकीत होत्या, पण कुठल्याही क्षणी डोकावल्या असत्या. माझे कान तापले. शाळेतला फळा डोळ्यांपुढे आला.

"मेण जास्त झालं," मी म्हणाले. "मीच लावलं."

"मग घासायला हवं," सपात परत चढवत झेनोबियाबाई म्हणाल्या. "ईस्टरच्या आधी आमची आई मेण लावायची आणि आम्हा सहा भावंडांना लोकरी मोजे घालून खोलीत सोडायची. संध्याकाळी जमिनीत तोंड दिसायचं."

मी टोपलीकडे बघितलं. बारा बायका, चोवीस सपाता.

"जोड्या करा," मी म्हणाले. "पूर्वी या खोलीत पाहुणे नुसते चालायचे नाहीत, पोलोनेझ नाचायचे. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा."

"आणि बाजा?"

"तोंडाने."

"आमच्या हालिनाला गायला सांगितलंस तर जेवायच्या वेळेपर्यंत थांबायची नाही हं," कोणीतरी बजावलं. पण हालिनाबाईंनी सूर लावला होता. झेनोबियाबाईंचा हात धरून मी पुढे निघाले. पहिल्या फेरीत जमीनदाराच्या तीन मुलींची गोष्ट सांगितली, दुसरीत खिडकीतून पळालेल्या नवरदेवाची. गुडघे वाकवत, धापा टाकत बायका विचारत होत्या, "पुढे काय झालं?" आणि मी म्हणत होते, "पुढच्या फेरीत." सातव्या फेरीला खिडकीबाहेरचं लिंडेनचं झाड जमिनीत हिरवं दिसायला लागलं.

तेवढ्यात दारात लिओकादियाबाई दिसल्या. गाणं थांबलं. त्यांनी जमीन पाहिली, मग कपाटाआडून डोकावणारा मेणाचा डबा.

"किती?"

"अर्धा."

मग टोपलीतून एक जोड काढून त्यांनी पायात चढवला आणि झेनोबियाबाईंच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

"नवरदेव पळाला तिथपासून मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सुरुवात राहिली. सांग, आणि हळू चाल, माझा गुडघा दुखतो. पुढच्या रविवारी दहाला ये. डबा मात्र माझ्याकडे राहील."