बुरुजाकडची दगडी वाट

नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासू-सासऱ्यांना घेऊन मी एकटीच त्या जुन्या बंदराच्या गावी गेले. सकाळभर तटबंदी, दीपगृह, अरुंद गल्ल्या पालथ्या घातल्या. पण सासऱ्यांचा जीव समुद्रातल्या बुरुजावरच्या घड्याळात अडकलेला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, ऐकतो कुठला!

बुरुजाकडे जाणारी दगडी वाट भरतीला बुडते, अडीचच्या आत परता, असं तिकीटवाल्या बाईंनी दोनदा बजावलं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. त्यांना तिकीटखिडकीजवळच्या बाकावर बसवलं आणि बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं, कारण हल्ली सासूबाईंच्या काही लक्षात राहत नाही.

बुरुजावर पोचताच सासरे घड्याळाच्या दातेरी चाकांपुढे हरखून गेले. मी तीनदा हाक मारली, तिन्ही वेळा "आलोच" एवढंच उत्तर. दारापाशी आलो तोवर वाटेच्या मध्यावर पाणी चढलं होतं. आता सातपर्यंत इथेच, बुरूज कोरडा राहतो, असं रखवालदार म्हणाला.

मी चरफडत वरच्या खिडकीशी गेले. बाक रिकामा होता. सासूबाई वाटेवरून सावकाश आमच्याकडे येत होत्या.

मी ओरडले. वाऱ्यात ते विरून गेलं. दोन्ही हातांनी मागे फिरायला खुणावलं, तर त्यांनीही हात हलवला आणि पावलं भरभर उचलली. खाली रखवालदार तिकीटखिडकीवर फोन लावत होता. कुणी उचलत नव्हतं.

"बाजूला हो," सासरे म्हणाले. "तिला वाटतंय, तू बोलावतेस. आपण दिसेनासे झालो की ती परत जाईल. बाजारात चुकामूक झाली की निघालो तिथे जाऊन थांबायचं, हे लग्नापासून ठरलंय आमचं."

"आणि त्या विसरल्या असल्या तर?"

माझं मनगट धरून सासऱ्यांनी मला खिडकीखाली बसवलं. दगडाला पाठ टेकून आम्ही लाटांचा आवाज ऐकत राहिलो. मी उठू पाहिलं की त्यांची पकड घट्ट व्हायची.

शेवटी राहवलं नाही. हात सोडवून मी उठले.

सासूबाई घोटाभर पाण्यात थबकल्या होत्या. खिडक्यांकडे बघत होत्या. मी झटकन खाली वाकले, पुन्हा हळूच डोकावले. त्या वळल्या होत्या. किनाऱ्याकडून तिकीटवाल्या बाई धावत आल्या आणि त्यांनी सासूबाईंचा दंड धरला.

सासरे पायरीवर बसले. त्यांना चष्माही धड लावता येईना. तरीही, पंधरा वर्षांत कधी उलट न बोललेली मी म्हणाले, "बाबा, आज तुमच्यापायी आई गेल्या असत्या."

"हो," ते म्हणाले.

सातपर्यंत आम्ही समोरासमोर बसून होतो. घड्याळाकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

किनाऱ्यावर सासूबाई बाईंची शाल पांघरून चहा पीत होत्या. "कुठे होतात? मी केव्हाची इथेच बसलेय," त्या रागावल्या.

सासरे त्यांच्यासमोर वाळूत बसले आणि रुमालाने त्यांच्या पायांना लागलेली सुकलेली वाळू पुसू लागले.