भासऱ्यांची खुर्ची

सन सत्त्याऐंशीत आनंदाबाईंचा उजवा गुडघा बदलला. मुंबईच्या डॉक्टरांनी जुना काढून धातूचा बसवला, आणि निम्मं नालवाडी गाव जुना कुठे ठेवला ते विचारून गेलं.

सूज राहील, ठणका राहील, झोप उडेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याची आनंदाबाईंना धास्ती नव्हती. धास्ती शेवटच्या वाक्याची होती. "रोज चार वेळा कडक खुर्चीवर बसून पाय वाकवायचा. दुखलं तरी वाकवायचा. नाहीतर तो आखडेल, तो कायमचा."

बाजेला झोळ पडलेला. कडक खुर्ची घरात एकच, आणि तिच्यात भासरे, म्हणजे वारलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ महादेवराव. ते चहाला बसत आणि जेवायलाच उठत. तेवढ्यात आनंदाबाई बसत. पाय जरा खाली उतरला की ओसरीवर खाकरणं ऐकू येई. भासऱ्यांसमोर खुर्चीत बसणं पस्तीस वर्षांत घडलं नव्हतं. त्या भिंत धरून उठत, पदर पुढे ओढत.

"मोठे मामाजी, आत्याबाईले बसू द्या नं थोडं," सून कोकिळा सासूची बाजू घेत म्हणाली.

"बसो नं. मी काय बांधून ठेवलं तिले?"

"मंग दुसरी खुर्ची आनू काय?"

"आन. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. लोकं पाहाले येतीन."

विषय मिटला. महादेवराव आनंदाबाईंशी कधी थेट बोलले नव्हते, आणि त्याही त्यांच्यापुढे तोंड उघडत नसत. घराला याचं कौतुक होतं.

तीन महिन्यांनी वर्ध्याला तपासणी झाली. आत रुग्णासोबत एकच माणूस चालेल म्हणाले, म्हणून कोकिळा बाहेर राहिली. डॉक्टरांसमोर एक खुर्ची होती. महादेवराव बसले.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "पन्नास अंशांतच अडतोय. व्यायाम केला नाही?"

आनंदाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"बाई, तुम्हाला विचारतोय. घरात खुर्ची नाही का?"

"हाये नं," महादेवराव म्हणाले. "सागवानी."

डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली. मॅट्रिक झालेल्या कोकिळेनं ती बाहेर वाचून सांगितली, "रुग्ण सहकार्य करत नाही."

"मी तं म्हनतच होतो," महादेवराव तिला म्हणाले आणि ऑटोत ड्रायव्हरशेजारी बसले.

मागे आनंदाबाईंचा पाय आत मावेना. तो बाहेर ठेवूनच त्या नालवाडीपर्यंत आल्या.